पॉवर बँकेवर नाव घातलं त्याची गोष्ट

माझ्या दोन्ही गुडघ्यांची शपथ घेऊन सांगते, आणि त्यातला डावा अजून ओरिजिनल आहे, की पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. बदलापुरात माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. कर्णिक आजी म्हणजे राईचा पर्वत, वर त्या पर्वतावर एक हॉटेल. बोलू देत. बारवी धरणावर सहलीला गेलो होतो तेव्हा माकडाने माझा चष्मा पळवला आणि तो डोळ्याला लावून पेपर वाचला, असं मी एकदा सांगितलं होतं. ते कुणाला पटलं नाही. वास्तविक माकडाने नुसते मथळे वाचले होते, आतली बातमी वाचली नव्हती, हेसुद्धा मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. खोटं बोलणारी बाई एवढं कशाला सांगेल?

तर पॉवर बँक.

राजसी माझी नात. इंजिनीयर आहे. भाताच्या खाचरात पाणी किती साठलंय ते मोबाईलवर नि लॅपटॉपवर दाखवणारं एक मशीन तिने बनवलं. चामटोलीच्या राजाबाई आमच्याकडे भाजी घेऊन येतात, त्यांच्या शेतात ते दोन महिने रोवून ठेवलं होतं. बगळे त्यावर बसायचे. मग बंगळूरच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. गुरुवारी सकाळी आमच्या शेतावर या, मशीन लावा, तुमच्याच लॅपटॉपवर चालवून दाखवा, पटलं तर नोकरी तुमची.

आता त्या लॅपटॉपची कथा अशी की त्याची बॅटरी गेलेली. पिन लावलेली असली तर हत्ती, पिन काढली की मी चष्मा पुसेपर्यंत काळोख. त्या मॉडेलची नवीन बॅटरी मागवली तर दुकानवाला म्हणाला तीन आठवडे. आणि कंपनीचं शेत म्हणजे शेतच. बांधावर प्लग कुठला?

"मोठी पॉवर बँक लागेल," राजसी म्हणाली. "लॅपटॉप चालेल अशी, आणि विमानात नेता येईल अशी. पण मला कोड संपवायचाय गं, कोण फिरणार?"

तिचे आईबाप, म्हणजे माझा सुयोग आणि सून किर्ती, सकाळी जातात ते दिवेलागणीनंतर घरी. मी म्हटलं, मी आणते.

आमचे हे, विष्णुपंत, अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. रिटायर झाल्यापासून आमचं घर हा कारखाना आणि मी त्यातली टेंपररी कामगार. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

बरं, हे वाक्य नवीन नाही. मिक्सर घेतला तेव्हा ऐकलं, गॅसची शेगडी घेतली तेव्हा ऐकलं, सुयोग झाला तेव्हाही बहुतेक ऐकलं असेल, तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं. पण या वेळी नातीसमोर म्हणाले. ते लागलं.

"आणि येताना खोकं आणू नकोस," हे पुढे म्हणाले. "माळ्यावर जागा नाहीये."

खोक्यांचं सांगते. माझ्या घरात वस्तू येते तिचं खोकं जात नाही. इस्त्री मरून गेली, तिचं खोकं आहे. टीव्ही दोनदा बदलला, दोन्ही खोकी आहेत, एकात दुसरं. खोकं ही लागणारी वस्तू आहे, केव्हा लागेल ते मात्र सांगता येत नाही. हे यांना इतक्या वर्षांत पटलेलं नाही आणि मला पटवायचंही नव्हतं. तेव्हा तरी.

खाली उतरले तर गुरुदत्त उभाच. गुरुदत्त आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, तळमजल्यावर राहतो. माणसाला घाम सुटतो तसा याला सल्ला सुटतो.

"काकू, पॉवर बँकेत एकच बघायचं. एमएएच. आकडा जेवढा मोठा तेवढा माल भारी. पन्नास हजारच्या खाली हात लावू नका. आणि इथे घेऊ नका, उल्हासनगरला जा. तिकडे होलसेल."

"तू वापरतोस का रे?"

"मी कशाला वापरतोय? मला माहितीय."

हे असं आहे. जे वापरतात त्यांना माहिती नसतं आणि जे वापरत नाहीत त्यांना माहिती असतं. तरी मी गेले. रिक्षा बदलत बदलत उल्हासनगर गाठलं. बाजारात एका गल्लीत शिरले, तिथे सगळी दुकानं चार्जरची. वायरी अशा लोंबत होत्या की वडाच्या पारंब्या बऱ्या. एका दुकानात झुलेलालच्या तसबिरीखाली हरेशभाई म्हणून एक सिंधी गृहस्थ बसले होते. चेहरा सज्जन. मी चेहऱ्याला फसते.

"आओ अम्मा, क्या दिखाऊँ?"

"लॅपटॉपसाठी पॉवर बँक. पन्नास हजारवाली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजचा दिवस सत्कारणी लागला. "अम्मा को सब मालूम है. ये देखो, पचास हज़ार. ऊपर टॉर्च भी है."

"लॅपटॉप चालेल ना पण?"

"चलेगा? अम्मा, दौड़ेगा. इससे उल्हासनगर का पूरा कॅम्प पाच चार्ज करो, फिर भी बचेगा."

घेतली. वजन वरवंट्याएवढं. पिशवीचा बंद तुटला, म्हणून लहान मूल घेतात तशी कडेवर घेऊन आले. घरी येऊन टॉर्च लावून बघितला, तर त्याचा झोत खिडकीतून जो गेला तो थेट टवलीच्या डोंगरावर. तिथे झोपलेला एक मोर सकाळ झाली समजून ओरडला. मी स्वतः ऐकला. विष्णुपंतांना ऐकू आला नाही, पण त्यांना कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

राजसीने लॅपटॉप जोडला. पॉवर बँकेवर चार निळे दिवे लागले, पाचवाही लागला. लॅपटॉप ढिम्म.

"आजी, ही मोबाईलपुरती आहे."

"अगं, पन्नास हजार आहे."

"आपली गच्चीतली टाकी आठव. टाकी केवढीही मोठी बांधली आणि नळाला धारच बारीक असली, तर सकाळच्या घाईत बादली भरते का?"

"नाही भरत."

"हा एमएएच म्हणजे टाकी. वॉट म्हणजे धार. माझ्या लॅपटॉपला पासष्ट वॉटची तरी धार लागते. हिला ती नाहीच. आणि विमानवाले टाकीचं माप बघतात. शंभर वॉट-अवरपर्यंत न विचारता नेता येते. पुढे थोडी परवानगी काढून, आणि त्याच्यापुढे नाहीच. या पन्नास हजाराचे होतात एकशे पंच्याऐंशी. दारातच काढून घेतील."

बदलापुरात राहणाऱ्या बाईला टाकी आणि धार समजवावी लागत नाही, अर्धा जन्म त्यातच गेलाय. माझा राग वेगळाच होता. एवढं सोपं आहे तर खोक्यावर 'टाकी इतकी, धार इतकी' असं छापायला यांना काय होतं? नाही. एमएएच. कुणी नवस फेडताना ओरडल्यासारखं.

"तरी मी म्हटलं होतं," पेपराच्या पलीकडून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उल्हासनगर. बरोबर वरवंटा, त्याचं खोकं, आणि एका डब्यात भिजवून मोड आणलेले वाल. डब्याचं कारण पुढे कळेल.

"हरेशभाई, ही परत घ्या."

"अम्मा, बिका हुआ माल वापस नहीं होता. देखो, बोर्ड पे लिखा है."

"बदली करून द्या."

"वो भी उसी बोर्ड पे लिखा है."

बरं, म्हटलं. दारातलं स्टूल ओढलं, त्यावर बसले, मांडीवर डबा घेतला आणि वाल सोलायला लागले. ज्यांनी वालाचं बिरडं केलंय त्यांना माहितीय, हे घाईचं काम नाही. एकेक वाल चिमटीत धरायचा, साल काढायचं, आणि तोंड मोकळं असतं. गिऱ्हाईक आलं की मी विचारायची, "काय घेताय? पॉवर बँक? टाकी बघताय की धार?" मग टाकी आणि धार समजावून सांगायची. मराठीत सुरू करायची, गिऱ्हाईक सिंधी निघालं की हिंदीत न्यायची, हिंदी संपलं की हाताने. एक बाई हेडफोन घ्यायला आल्या होत्या, त्याही ऐकत बसल्या. थोड्या वेळाने दुकानापुढे पंधरा-वीस माणसं जमली. मागच्यांना वाटलं, फुकट काहीतरी वाटतायत. हवालदार आला, तो गर्दी पांगवायला आला आणि त्याने विचारलं, "आजी, माझ्या मोटोरोलाला किती धार लागेल?"

हरेशभाई आतून बाहेर आले. हात जोडलेले.

"अम्मा, आपको कितना वॉट चाहिए बोलो. आप बस ये दाल लेके घर जाओ."

"डाळ नाही, वाल आहेत. शंभर वॉटची धार, आणि टाकी शंभरच्या आत."

माणूस वाईट नव्हता, खरं सांगते. आतल्या फळीवरून त्यांनी एक राखाडी रंगाची पॉवर बँक काढली. अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा, दिसायला घरंदाज. मागे मुंगीच्या पायांनी लिहिलेलं होतं. मी भिंग लावून वाचलं. पंचवीस हजार. ब्याण्णव पॉईंट पाच वॉट-अवर. धार शंभर. वरचा फरक मी दिला आणि मूठभर सोललेले वालही ठेवले. त्यांनी विचारलं, "कैसे बनाते हैं?" ते सांगण्यात आणखी वेळ गेला.

घरी राजसीने जोडली. लॅपटॉप उजळला, टाळी वाजवल्यासारखा टुण् झाला. राजसीने मला मिठी मारली. मी पेपराकडे पाहिलं. पेपर हलला नाही.

आता कुणीही म्हणेल की इथे गोष्ट संपली. पण आपण पद्धतशीर माणसं. मी विमान कंपनीला फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग गाणं वाजलं, मी भाजी चिरली, पोळ्या लाटल्या, गाणं तेच. शेवटी एक मुलगी बोलली. तिने तीन गोष्टी सांगितल्या. पॉवर बँक मोठ्या सामानात टाकायची नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची. शंभरच्या आत हवी. आणि तिच्यावर छापलेलं माप वाचता आलं पाहिजे. तिसरी अट ऐकून मला हसू आलं. नव्या कोऱ्या वस्तूवरचं वाचता येणार नाही तर काय पुसून जाणार आहे?

मीही बंगळूरला जाणारच होते. माझी धाकटी बहीण नूतन तिथे असते, राजसी तिच्याकडेच उतरणार, आणि मला विमानात बसायचं राहिलं होतं.

मंगळवारी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, मी पॉवर बँक देवासमोर ठेवली. नवीन वस्तू आली की हळदकुंकू, अक्षता, दिवा. पुढे खोबऱ्याची वाटी आणि खडीसाखर. हे आमच्याकडे सायकलीपासून फ्रीजपर्यंत सगळ्यांना झालंय. पॉवर बँक कोण लागून गेली? पूजा झाल्यावर प्रसाद कशात न्यावा म्हणून बघत होते, तर समोर तिचंच खोकं. मापाचं. खोबरं आणि खडीसाखर त्यात बसली जशी काही त्यासाठीच केलं होतं. खोकं माझ्या हातातल्या पिशवीत टाकलं.

तेवढ्यात राजाबाई भाजी घेऊन आल्या. वस्तू उलटीपालटी करून म्हणाल्या, "आजी, ही तं समद्यांकडं असंल एकसारकी. तिकडं गर्दीत कुनी उचलली तं वळकाल कशी?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टवलीवरच्या टॉर्चसारखा.

लग्नकार्यात स्वयंपाकघरात शंभर पातेली एकत्र होतात. आपलं कुठलं ते कसं कळतं? नाव घातलेलं असतं म्हणून. माझ्या घरात चमच्यावर नाव आहे, पळीवर आहे, ज्या वाटीत मी मीठ ठेवते तिच्यावरही आहे. आणि विमानतळावर म्हणे सगळ्यांच्या वस्तू ट्रेमध्ये काढून एका पट्ट्यावर सोडतात. म्हणजे कार्यच झालं.

तडक कुळगावच्या बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा महिपती बसतो, हातात ती विजेची लेखणी, टर्रर्र करणारी. त्याने पॉवर बँक हातात घेतली आणि म्हणाला, "आजी, हे भांडं नाय."

"पत्रा आहे ना?"

"पत्रा हाय. पण आत ब्याट्री हाय."

"मग वरवर घाल. तुला कोण खोल घालायला सांगतंय?"

"पुढं बटनं हायेत. मागं घालू? मागं बारीक काय काय छापलंय."

आता प्रामाणिकपणे सांगते, त्या वेळी माझं भिंग घरी होतं. मुंगीच्या पायांनी छापलेलं बिनभिंगाचं दिसत नाही आणि जे दिसत नाही ते आठवत नाही. कंपन्यांनी अक्षरं मोठी छापली असती तर पुढचं काही झालंच नसतं, हे माझं म्हणणं मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

"घाल मागे," म्हटलं. "सौ. मालिनी विष्णुपंत कर्णिक यांजकडून चि. राजसी हिस सप्रेम भेट, श्रावण शुद्ध सप्तमी."

"एवढं?"

"जागा उरली तर खाली एक मोर काढ."

मोरही बसला.

संध्याकाळी राजसीच्या बॅगेत मीच ठेवली, छान रुमालात गुंडाळून. तिला तिथे गेल्यावर दाखवायची होती. आश्चर्य म्हणून.

बुधवारी विमानतळ. तिथल्या तपासणीबद्दल मी काही वाईट बोलणार नाही, ते त्यांचं काम करतात. फक्त एवढंच म्हणेन की सासरी पहिल्या दिवशी माझी एवढी झडती झाली नव्हती. चप्पल, घड्याळ, पिशवी, सगळं ट्रेमध्ये. माझ्या नव्या गुडघ्याने पिंगा घातला, मशीन वाजलं, तो गुडघा कुणाचा, केव्हा, कुठल्या डॉक्टरने, हे सगळं सांगून मी पलीकडे आले. तिथे एक खाकी गणवेशातले साहेब पॉवर बँक हातात घेऊन उभे.

"ये किसका है?"

या क्षणासाठीच मी नाव घातलं होतं. मी पुढे झाले. "वाचा. त्याच्यावर लिहिलंय."

साहेब उत्तरेकडचे असावेत, पण वाचलं त्यांनी. खड्या आवाजात, थांबत थांबत. "सौ. मालिनी विष्णुपंत कर्णिक यांजकडून चि. राजसी हिस सप्रेम भेट." मागची रांग ऐकत होती. एका बाईंनी मला बघून मान डोलावली. मला वाटलं, जन्माचं सार्थक.

"ये तो ठीक है, माताजी," साहेब म्हणाले. "वॉट-अवर कितना है?"

"ब्याण्णव पॉईंट पाच."

"कहाँ लिखा है?"

लिहिलं कुठेच नव्हतं. म्हणजे होतं, पण ब्याण्णव 'सप्रेम'खाली गाडले गेले होते, पॉईंट पाचवर मोराने पाय दिला होता, आणि 'भेट'च्या पुढे इंग्रजीतला डब्ल्यू तेवढा डोकं वर काढून बघत होता.

"पढ़ने में नहीं आ रहा. ये नहीं जाएगा. यहीं छोड़ना पड़ेगा."

राजसीने पॉवर बँक हातात घेतली. नाव वाचलं. मोर बघितला. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती बाजूच्या बाकावर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आजी, उद्या शेतात मी काय दाखवू?"

मी म्हटलं, "तिथे पोचल्यावर दुसरी घेऊ."

"रात्री पोचणार. पहाटे त्यांची गाडी न्यायला येणार. मध्ये दुकान कुठलं उघडं?"

"इथे आत मिळेल."

"मी बघितलं ॲपवर. मोबाईलच्याच आहेत."

बारीक धार. मला समजावून सांगायची गरज नव्हती. दोन महिने चिखलात पाय रोवून उभं राहणारी पोर, बगळ्यांनाही न घाबरणारी, आणि माझ्या मोराने तिला बाकावर बसवलं. माझा संताप संताप झाला. आधी मुंगीच्या अक्षरांवर, मग महिपतीवर, मग राजाबाईंवर, मग त्या मोरावर. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांसमोर पेपर आला, त्याच्या मागून आवाज. तुला काय कळतं त्यातलं. येताना खोकं आणू नकोस.

खोकं.

"साहेब," मी म्हटलं, "माझी पिशवी द्या."

पिशवीतून स्वेटर निघाला, गुडघ्याचं तेल निघालं, डाव्या पायाचा एक मोजा निघाला जो मी दिवाळीपासून शोधत होते, आणि तळाशी खोकं. त्यावर ठसठशीत छापलेलं. पंचवीस हजार, ब्याण्णव पॉईंट पाच वॉट-अवर, मॉडेल, आणि त्याखाली लांबलचक नंबर.

"खोकं कुणाचंही असू शकतं, माताजी," साहेब म्हणाले, अर्थात हिंदीत.

"नंबर जुळवा."

राजसी उठली. पॉवर बँकेच्या कडेला, जिथे महिपतीची लेखणी पोचली नव्हती, तिथे तोच नंबर कोरलेला होता. साहेबांनी वरच्या साहेबांना बोलावलं. ते खोक्यावरचा आकडा हिंदीत वाचणार, राजसी कडेवरचा मराठीत वाचणार, मी मध्ये उभी राहून दोन्हीला मान डोलावणार. सत्यनारायणाच्या पोथीलाही एवढी शांतता नसते. मागच्या रांगेतला एक माणूस प्रत्येक आकड्याला "बरोबर" म्हणायला लागला. शेवटचा आकडा जुळला आणि मोठे साहेब म्हणाले, "जाने दो."

आणि मग त्यांनी खोकं हलवून बघितलं. आत खडखडलं.

"इसमें क्या है?"

"प्रसाद. खोबरं आणि खडीसाखर."

"सूखा नारियल नहीं जाएगा, माताजी. जलता है."

ऐका. ज्या वस्तूत वीज कोंबून भरलीय, जिच्या भीतीने जगभरचे विमानवाले झोपत नाहीत, ती जाणार. आणि देवापुढची खोबऱ्याची वाटी, जी आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या फडताळात ठेवलीय आणि अजून एकदाही पेटली नाही, ती स्फोटक. मी म्हटलं, "साहेब, मग आमच्या घरी दर मंगळवारी बॉम्ब किसतात म्हणायचं." साहेब हसले, पण खोबरं सोडेनात. प्रसाद टाकायचा नसतो. मी तिथेच वाटी बाकाच्या कडेवर आपटून तुकडे केले आणि रांगेत वाटले. 'बरोबर'वाल्याने दोन घेतले. साहेब म्हणाले, ड्यूटीवर आहोत. त्यांना नुसता नमस्कार केला.

विमानात खिडकीशी बसले, पट्टा लावला आणि हवाईसुंदरीने जाहीर केलं की प्रवासात कुणीही पॉवर बँक वापरू नये. म्हणजे एवढं महाभारत करून ती आत आली आणि आत आल्यावर तिने गप्प बसायचं. माझ्यासारखंच. पण मी गप्प बसले नाही. शेजारच्या गृहस्थांना टाकी आणि धार सांगितली. ते बंगळूरपर्यंत झोपेचं सोंग करत होते, पण पापण्या हलत होत्या.

गुरुवारी मी शेतावर नव्हते, नूतनच्या घरी देव पाण्यात घालून बसले होते. पण राजसीने सगळं सांगितलं. बांधावर लॅपटॉप, शेजारी पॉवर बँक उपडी ठेवलेली, म्हणजे मोर वर. खाचरातलं पाणी पडद्यावर दिसायला लागलं, वाढवलं की वाढत होतं, सोडलं की उतरत होतं. त्यांचे मोठे साहेब वाकून बघत होते. मशीन बघून झालं आणि म्हणाले, "ये मालिनी कौन है?"

"माझी आजी," राजसी म्हणाली. "पॉवर सप्लाय तिच्याकडे असतो."

पुढच्या आठवड्यात नोकरीचा मेल आला. राजाबाईंनी चामटोलीहून अळूची जुडी आणली आणि म्हणाल्या, "आता बंगलोरचं बगळं बसतील पोरीच्या मशीनवर." गुरुदत्त वर आला, म्हणाला, "काकू, मी सांगितलं होतं ना, उल्हासनगरच." त्याला मी बसायलाही सांगितलं नाही. आणि विष्णुपंतांनी पेपर खाली ठेवला, चक्क घडी घालून ठेवला, चष्मा काढला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मालिनी, तुला कळतं हो त्यातलं."

गुडघ्यांची शपथ घेतली आहे, म्हणून आता सांगून टाकते. हे शेवटचं वाक्य मी घातलं. ते असं काही म्हणाले नाहीत, आणि या जन्मी म्हणतील असं मला वाटत नाही. बाकी सगळं खरं. मोरसुद्धा, दोन्ही. मेल आला त्या संध्याकाळी ते नुसते "हं" म्हणाले. मग उठले, माळ्याखाली उभे राहून खोक्यांकडे जरा वेळ बघितलं, आणि टीव्हीचा रिमोट माझ्यापुढे आणून ठेवला.

"बाजारात गेलीस तर यावर नाव घालून आण," म्हणाले. "मागे घालू नकोस पण. तिथे काहीतरी छापलेलं असतं."